की-बोर्डची आठवण : कॅसेटपासून पेन ड्राइव्हपर्यंत

स्मरणिका समितीने यंदा माझ्याकडे मंडळाच्या वाद्यवृंदाचा इतिहास मागितला. तो लिहायला बसलो आणि मंडळाच्या कपाटातल्या एका बिस्किटाच्या डब्यापाशीच अडकलो. डब्यात तेवीस फ्लॉप्या होत्या आणि त्यांच्या लेबलांवर दादांचे ते बंगाली वळणाचे इंग्रजी अक्षर. जुन्या सभासदांना दादा आठवत असतीलच. माझ्याच विभागात होते. दुर्गापूजेला तिकडे आणि गणपतीत इकडे, दोन्हीकडे की-बोर्ड तेच वाजवत. निवृत्तीनंतर ते दुर्गापूरला गेले, डबा मात्र इथेच राहिला. यंदाच्या साफसफाईत तो भंगारात जाणार होता, म्हणून हा लेख.

नव्या मंडळींसाठी आधी थोडे सांगतो. ज्याला आपण सरसकट 'कॅसिओ' म्हणतो, त्यातला एक प्रकार म्हणजे अरेंजर की-बोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, की ढोल, बेस, गिटार अशी साथ वाद्य स्वतःच देते. साथीच्या या साच्याला 'स्टाईल' म्हणतात. पण जपानमध्ये आणि इटलीत तयार झालेल्या या वाद्यांत पोल्का असे, बोसा नोव्हा असे, वॉल्ट्झ तर असेच असे. भजनी ठेका कुठून असणार? दादरा हवा तर वॉल्ट्झवर भागवायचे आणि बिघडलेले ऐकायचे. त्यामुळे ज्याला आपली गाणी वाजवायची त्याला ठेका स्वतः बनवावा लागे. शिवाय कोणत्या गाण्याला कोणता आवाज, कोणती लय, कोणती पट्टी, हेही लावून ठेवावे लागे. ही सगळी मेहनत ठेवायची कुठे, हाच या इतिहासाचा विषय. आपल्या पेटीला ही अडचण कधीच आली नाही. जी काही आठवण, ती वाजवणाऱ्याच्या बोटांत.

सुरुवात कॅसेटपासून झाली. कोर्गचा पॉलिसिक्स (१९८१) आणि रोलँडचा जुनो-६० (१९८२) हे अरेंजर नव्हेत, सिंथेसायझर. पण त्यांत लावलेले आवाज साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेता येत. किर्र आवाजाची ती कॅसेट पुन्हा वाद्याला ऐकवली की वाद्याला सगळे आठवे. आवाज कमीजास्त झाला की मात्र पहिल्यापासून. वाद्याच्या पोटातली आठवण एका छोट्या बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली की वाद्य कोरे. १९८३ मध्ये मिडी आले आणि तारेतून एका यंत्रातली माहिती दुसऱ्या यंत्रात ओतता येऊ लागली, पण ते काम स्टुडिओवाल्यांचे. आपल्यासारख्यांना खरी सोय फ्लॉपीने केली. टेक्निक्सच्या केएन मालिकेत आणि कोर्गच्या आय-३ मध्ये (१९९३) फ्लॉपीचा खाचा वाद्यातच होता. साधी फ्लॉपी ७२० केबीची, मोठी १.४४ एमबीची. आज मोबाईलवरच्या एका फोटोलाही ती पुरणार नाही, पण ठेका म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी नव्हे. कोणता सूर कधी आणि किती जोरात, एवढीच ती नोंद. त्यामुळे एका फ्लॉपीवर सबंध गणेशोत्सव मावे. नावाला मात्र आठच अक्षरे. दादांच्या फायलींची नावे वाचताना म्हणूनच शब्दकोडे सोडवल्यासारखे होते.

आता मुख्य गोष्ट. गाण्यात जशी घराणी, तशीच या वाद्यांतही आहेत, आणि आठवण ठेवण्याची प्रत्येकाची रीत निराळी.

कोर्गची रीत पेटाऱ्याची. पीए मालिकेत 'सेट' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात ठेके, आवाज, मांडणी, गाण्यांची वही, बाहेरून भरलेले ध्वनीनमुने, सगळे आपापल्या कप्प्यात. तो सेट लोड केला की वाद्य सबंध तुमचे होते. पाहुण्या गावी दुसऱ्याच्या वाद्यावर वाजवायचे असेल तर यासारखे सुख नाही. धोका एवढाच, की पेटारा उघडताना त्या वाद्यात आधी असलेले त्याच जागचे सामान बाहेर फेकले जाते.

यामाहाची रीत पत्त्याच्या वहीची. पीएसआर-२००० मध्ये (२००१) 'रजिस्ट्रेशन'ची आठ बटणे, आठांची मिळून एक बँक आणि ती बँक एक फाईल. चालू कार्यक्रमात एक बटण दाबले की आवाज, लय, पट्टी सगळे बदलते. वाजवायला ही रीत फार गोड. पण त्या फायलीत ठेका स्वतः नसतो, तो कुठे ठेवला आहे याचा पत्ता असतो. ठेक्याची फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की बटण त्या पत्त्यावर जाते आणि घराला कुलूप! म्हणून यामाहावाल्यांनी फोल्डरांची नावे एकदा ठरवली की बदलू नयेत. रोलँडनेही पुढे या अंगाने पाऊल टाकले. २०११ च्या सुमारास आलेल्या बीके-५ मध्ये ठेके थेट पेन ड्राइव्हवरूनच वाजतात, आत भरून घ्यायची गरजच नाही. म्हणजे पेन ड्राइव्ह घरी विसरला की संपले. मला स्वतःला पेटारा बरा वाटतो. पण मी धांदरट माणूस आहे, नीटनेटक्यांनी वही घ्यावी.

धांदरटपणाची कबुली इथेच देतो. १९९८ चा गणपती. आमच्या तेव्हाच्या वाद्याच्या कंपनीचे नाव घेत नाही, कारण चूक सर्वस्वी माझी. पाहुण्या कलाकाराने आणलेली फ्लॉपी मी खाच्यात घातली आणि त्याचे एक गाणे घेण्याऐवजी 'सगळे लोड करा' दाबले. पडद्यावर 'खात्री आहे का?' असा प्रश्न आला, तोही मी खात्रीने ओलांडला. दादांनी आठवडाभर लावलेले पुसले गेले, आणि त्यातले निम्मे फ्लॉपीवर उतरवायचेच राहिले होते. दादा मला एक अक्षर बोलले नाहीत. चहाचा थर्मास मागवला आणि रात्रभर मंडपात बसून, हेडफोन लावून सगळे पुन्हा बांधले. पहाटे उठले तेव्हा त्यांच्या हातात दोन सारख्या फ्लॉप्या होत्या. एक त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. डब्यात बऱ्याच फ्लॉप्यांच्या जोड्या का आहेत, हे आता कळले असेल.

पुढचे झटपट सांगतो. पावसाळी हवेत फ्लॉपीला बुरशी धरे. मग कार्डांची लाट आली. यामाहाच्या पीएसआर-३००० मध्ये (२००४) स्मार्टमीडिया होते, ते कार्ड पुढे बाजारातूनच गेले. टेक्निक्सने केएन-७००० मध्ये एसडी कार्ड घेतले. कार्ड टिकले, पण टेक्निक्सचे की-बोर्डच बंद झाले. शेवटी यूएसबी आले आणि भांडण मिटले. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली.

साधन एक झाले, भाषा मात्र एक झाली नाही. मिडी गाण्याची फाईल कुठल्याही घराण्याचे वाद्य वाचते. ठेक्याची फाईल दुसरे घराणे ओळखतही नाही. गंमत म्हणजे यामाहाची स्टाईल आतून मिडी फाईलच असते. तिच्यात सुरुवात, मुख्य भाग, शेवट अशा खुणा असतात आणि मागे एक पुरवणी जोडलेली असते. डाव्या हाताची कॉर्ड बदलली की कोणत्या वाद्याने सूर कसा बदलायचा, हे त्या पुरवणीत लिहिलेले. पुरवणी काढली तर नुसती एका कॉर्डची धून उरते. आपल्याच घराण्याची जुनी फाईल नवे वाद्य बहुधा वाचते, नव्याची फाईल जुन्याला वाचता येईलच असे नाही.

या आधारावरच यंदा डबा उघडला. संगणकाला लागणारा बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला आणि एका रविवारी तेवीसच्या तेवीस घालून पाहिल्या. सतरा वाचल्या गेल्या, सहा नाही. त्या सहांपैकी चारांची जोडीची फ्लॉपी शाबूत होती. दोन गेल्या त्या गेल्या. मंडळाचे आताचे वाद्य सुदैवाने जुन्याच घराण्याचे असल्याने ठेके सरळ उघडले. आवाजांची नेमणूक काही ठिकाणी चुकली, टाळेच्या जागी कुठलीशी घंटा वाजू लागली. ती आपल्या केरळी शेजाऱ्यांच्या बारावीतल्या मुलीने दोन संध्याकाळी बसून दुरुस्त केली. यंदा आरतीला की-बोर्डवर तीच बसणार आहे.

भजनी ठेका पहिल्यांदा वाजला तेव्हा मी दुर्गापूरला फोन लावला आणि वाद्यापाशी धरला. दादांनी पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "साहेब, लय चढली आहे. आपण शहाऐंशी ठेवायचो."

मी म्हटले, "दादा, तुमच्याच फायलीत ब्याण्णव लिहिले आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक टाळ्या वाजवायला लागले की मीच वाढवत असेन. मुलीला सांगा, आधी शहाऐंशीवर धर."