औटकी कुठे गेली?

प्राथमिक गणितावर संशोधन करायचं ठरवलंत की 'मुलांचं संख्यांवरचं प्रभुत्व' हे शब्द प्रस्तावात येतातच. मग मार्गदर्शक विचारतात, प्रभुत्व म्हणजे नेमकं काय? पाढे घडाघडा म्हणणं? उत्तर देण्याआधी थोडा इतिहास बघू.

पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांवर भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी ('औट घटकेचं राज्य' म्हणतो त्यातला औट हाच), सगळं तोंडपाठ. आज ही नुसती घोकंपट्टी वाटते. पण तेव्हाचा बाजार बघा. रुपयाचे 16 आणे, मणाचे 40 शेर. 40 भागिले 16 म्हणजे अडीच. म्हणून गहू जितके रुपये मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर! भाव 8 रुपये मण आणि हवेत 10 शेर, तर चार अडीच दहा, आणि चार आठे 32 आणे, म्हणजे 2 रुपये. पाटी लागत नाही. अडीचकी येणारं पोर दुकानावर बसू शकत होतं.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले. औटकीच्या पायाखालची जमीनच गेली. शिक्षक आळशी झाले म्हणून ती गेली, असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही.

बाजार बदलला तरी संख्यांची नावं मात्र तीच राहिली, आणि खरी अडचण तिथे आहे. 'बारा औट बेचाळीस' म्हणताना तोंडाला काही अडत नाही. लिहिताना मात्र 'बे' आधी ऐकू येतो आणि 4 आधी लिहावा लागतो. शिवाय सात हा सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट असा दर वेळी वेश बदलतो. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. कन्नडमध्ये दशक आधी, एकक नंतर.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलांसाठी ही जास्तीची वाट आहे. चर्चा मात्र भाषा बुडाली यावरच फिरत राहिली. वीस सात म्हणणाऱ्या मुलाला 27 लवकर लिहिता येतात का, हा मोजता येण्यासारखा प्रश्न त्यात बाजूला पडला.

तुम्हाला तो घेता येईल. फक्त तोंडी आणि लेखी चाचणी वेगवेगळी ठेवा. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना एकाच स्टॉपवॉचवर तोलू नका. 'ट्वेंटी सेव्हन' ऐकून लिहिणाऱ्याला अंक उलटवावे लागत नाहीत. आणि 72 च्या जागी 27 लिहिणाऱ्यांची नोंद 'चूक' या एकाच रकान्यात टाकू नका. ती वेगळी मोजा.