परकायाप्रवेश : लीळाचरित्र आणि तात्या विंचू

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा बोलपट १९९३ साली पडद्यावर आला. त्यास आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी त्याचा विषय निघताच जाणती मंडळी एकच शेरा मारतात, की ही सारी अमेरिकन चित्रपटाची उसनवारी आहे. शेरा खोटा नाही. १९८८ साली निघालेल्या 'चाइल्ड्स प्ले' या चित्रपटात मरणोन्मुख खुनी मंत्रबळाने आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि आपले रहस्य ज्यास प्रथम कळले त्याच्या देहात शिरू पाहतो. आमच्या तात्या विंचूची कथाही नेमकी हीच. तिकडे वूडू नामक जादू, इकडे बाबा चमत्काराने दिलेला मृत्युंजय मंत्र, एवढाच काय तो पालट. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला तात्या, रामदास पाध्ये यांनी घडविलेला बोलका बाहुला आणि भीतीने बोबडी वळलेला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या, यांनी या उसन्या भांडवलावर जे उत्पन्न काढले ते अस्सल मराठी होते, हे टीकाकारही मान्य करतील. परंतु त्या भांडवलातही थोडी घरची रक्कम होती, असे माझे म्हणणे आहे.

हा बोलपट मी पाहिला तो वयाच्या चौदाव्या वर्षी, बहिरमच्या यात्रेत, तंबूतील पडद्यावर. आमचे गाव रिद्धपूर, म्हणजे महानुभावांची काशी, घर उपदेशी. बहिरमची यात्रा मटणाच्या हंड्यांसाठी साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध. तेव्हा तिकडे पाऊल टाकण्यास आम्हा मुलांस सक्त मनाई असे. मी चोरून गेलो. तंबूत शेतकरी, सालदार, डोंगराकडचे कोरकू असा नाना प्रकारचा समाज दाटला होता. तात्याने मंत्र पुटपुटला, त्याचे कलेवर पडले आणि बाहुल्यात जीव आला. बायका किंचाळल्या, पोरे आयांना बिलगली. पण 'हे झाले तरी कसे?' असे कोणी शेजाऱ्यास विचारल्याचे मला स्मरत नाही. मलाही तो प्रश्न पडला नाही. एका देहातून निघून दुसऱ्यात शिरणे ही आमच्या घरची रोजच्या पाठातली गोष्ट होती.

ती गोष्ट लीळाचरित्राच्या 'एकांक' नामक भागात आली आहे. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळ राहत असत. कामाख्या नावाची योगिनी रतिसुखाची इच्छा धरून त्यांच्या गुंफेशी येऊन बसली. तिचा हट्ट सुटेना, तेव्हा राऊळांनी देहच टाकून दिला. त्याच सुमारास भडोच येथे प्रधानाचा तरुण पुत्र हरिपाळदेव मरण पावला होता. त्याचे प्रेत स्मशानात नेले असता राऊळांनी त्यात प्रवेश केला आणि मेलेला मुलगा उठून बसला. हेच पुढे श्रीचक्रधरस्वामी झाले. हरिपाळ घरी परतला, संसारास लागला, द्यूत खेळू लागला. एकदा पणात हरल्यावर त्याने पत्नी कमळाइसेजवळ अलंकार मागितले. तिने नकार दिला. त्याचे मन विटले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपुरी त्यास श्रीगोविंदप्रभू भेटले. त्यांनी आपल्या हातचे उष्टे शेंगुळे त्याजकडे टाकले, आणि त्या प्रसादाने त्याची शक्ती जागृत झाली.

म्हाइंभटाने हे चरित्र शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास रचले; रिद्धपुरातच, वाजेश्वरीस बसून रचले, अशी परंपरा आहे. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली, असेही पंथ सांगतो. त्यानंतर कित्येक शतके पंथाचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद राहिले. विसाव्या शतकात ते नागरी मुद्रणात उतरले. ग्रंथानेही परकायाप्रवेशच केला म्हणावयाचा, आणि तोही एकदा नव्हे! २०२४ साली रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ आले, ते याच पोथीच्या पुण्याईने.

ही कल्पना एकट्या महानुभावांची नव्हे. पतंजलीने तिची गणना सिद्धींत केली आहे. मंडनमिश्राच्या विदुषी पत्नीने कामशास्त्रावर प्रश्न विचारला असता आद्य शंकराचार्यांनी मृत अमरुक राजाच्या देहाचा आश्रय केला, ही कथा शंकरदिग्विजयात आहे. राजाच्या अंगी भलतेच शहाणपण आलेले पाहून मंत्र्यांस संशय आला आणि त्यांनी राज्यातील सारी प्रेते जाळण्याची आज्ञा केली! १८१९ सालच्या नवनाथ भक्तिसारात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या शरीरात शिरून राज्य करतात आणि रेवती राणी खरे कळल्यावर नाथांच्या मूळ देहाचे तुकडे करविते. नाथकथांची ही मोहिनी बोलपटांनी फार लवकर ओळखली होती. प्रभात कंपनीने १९३२ सालीच 'माया मच्छिंद्र' काढला. तात्पर्य, अमेरिकन लेखकास वूडूची ओळख करून द्यावी लागली. आमच्या तंबूत ते श्रम वाचले.

बहिरमहून परतल्यावर माझी चोरी दोन दिवसांतच उघड झाली. आजीपुढे उभा राहिलो. वाद टाळावा म्हणून, आणि काहीसा तिला डिवचण्यासाठीही, मी म्हणालो, "आजी, स्वामींनी केलं तेच त्या बाहुल्यानं केलं." ती रागावेल असे वाटले होते. ती तांदूळ निवडीत होती, सूप खाली न ठेवता म्हणाली, "नाही रे बापू. तो बाहुला जित्याचा देह मांगते. आपल्या स्वामीनं मेलेल्याचा घेतला, अन् त्याच्या मायबापाले पोरगा वापस देल्ला."

एवढा नेमका भेद मी पुढे कोणत्याही परीक्षणात वाचला नाही. जुन्या कथांतून शिरणारा रिकाम्या घरात शिरतो. तात्या राहत्या घरातील माणसास हुसकावू पाहतो. भीती उपजते ती तेथे. पण आजीच्या म्हणण्यात एक जागा मला आजही अपुरी वाटते. मायबापांस मुलगा परत मिळाला, हे खरे. कमळाइसेस नवरा मिळाला काय? ज्याने अलंकार मागितले तो आपला पती नव्हे, हे तिला ठाऊक नव्हते; आणि तो गेला तेव्हा ती दुसऱ्यांदा, या वेळी जित्या नवऱ्याची, विधवा झाली. रेवती राणीचा संतापही याच जातीचा. देह रिकामा असला, तरी त्याच्याशी जोडलेली माणसे रिकामी नसतात. म्हाइंभटाने ते द्यूत, तो नकार, ते विटलेले मन यांतले काहीच झाकले नाही, याचे मला फार मोल वाटते. आराध्यदैवताचे चरित्र लिहिताना एवढा खरेपणा ठेवणे सोपे नव्हे.

त्या दिवशी हे सारे मला सुचले नव्हते. आजीला मी बोलपटाचा शेवट सांगितला : तात्याला मरण एकाच ठिकाणी, दोन भुवयांच्या मध्ये, तेथे गोळी लागते आणि बाहुला निपचित पडतो. भ्रूमध्य हे योगशास्त्रातले स्थान. कोठाऱ्यांनी ते जाणून निवडले की सहज, कोण जाणे. आजी मात्र थबकली. सुपातले हात थांबवून तिने विचारले, "मंग आता त्या बाहुल्यात कोणीच नाही?"

मी म्हणालो, "कोणीच नाही."

वीस वर्षांनी, २०१३ साली, 'झपाटलेला २' निघाला आणि तात्या विंचू पुन्हा उठून बसला. तोवर आजी राहिली नव्हती.