रंग आणि टिपण : संगणकावर मसुदा तपासताना

संगणकावरील मसुदा तपासताना दोन साधने हाताशी असतात. मजकुरावर रंग चढविणारे ‘हायलाइट’ आणि समासात टिपण ठेवणारी ‘कॉमेंट’. दोहोंचे काम एकच, असे मानून ती हवी तशी वापरली जातात. वस्तुतः त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते बुजवीत आणि सुटलेला मजकूर समासात लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्याला तेथूनच मिळाला. आजचा पिवळा रंग मात्र बुजवीत नाही, उलट उठवून दाखवितो.

एका मसुद्यावर अनेकांची नजर फिरण्याची रीतही संगणकापूर्वीचीच. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाला पाठ्यपुस्तके हवीत म्हणून हैदराबादेत १९१७ मध्ये ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग स्थापन झाला. तेथे अनुवादाची भाषा पाहणारा परीक्षक वेगळा असे आणि धर्माच्या दृष्टीने मजकूर पाहणारा वेगळा. कवी जोश मलिहाबादी यांनीही या विभागात भाषापरीक्षकाचे काम केले. अशा ठिकाणी प्रश्न उभा राहतो तो हा की, कोणती खूण कोणाची, आणि तिचा निकाल लागला की नाही?

हायलाइटला याचे उत्तर देता येत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये त्याचे १५ रंग मिळतात; पण रंगावर ना तपासणाऱ्याचे नाव असते, ना तारीख, ना कारण. पिवळे म्हणजे शंका आणि हिरवे म्हणजे मान्य, असा संकेत ठरविला तरी तो ठरविणाऱ्यांच्याच डोक्यात राहतो. म्हणून रंग स्वतःसाठी वापरावा. ‘येथे परत यायचे आहे’ एवढेच सांगायचे असेल, तर त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. मसुदा कृष्णधवल छापायचा असल्यास फिका रंग निवडावा, नाहीतर अक्षरे करड्या पट्ट्यात बुडतात.

दुसऱ्याला काही सांगायचे असेल तेथे कॉमेंट हवी. शब्द निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्या की समासात चौकट उघडते. तीत लिहिणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप नोंदली जाते. खाली उत्तर देता येते आणि मुद्दा संपल्यावर ती ‘रिझॉल्व्ह’ करता येते. टिपण वादग्रस्त शब्दालाच जोडावे, सबंध परिच्छेदाला नव्हे. नुसते ‘तपासा’ लिहिणे हा तर आळसच. ‘१९१७ की १९१८? भाषांतर विभाग आधीचा, विद्यापीठ नंतरचे. येथे कोणते अभिप्रेत आहे?’ असे लिहिल्यास लेखकाला उत्तर देता येते. दुरुस्ती निश्चित असेल, तर टिपणात वर्णन करीत बसण्यापेक्षा ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू करून ती मजकुरातच करावी.

खरा धोका आहे तो प्रत बाहेर पाठविताना. २००४ मध्ये अमेरिकेतील एससीओ या कंपनीने डेमलर-क्रायस्लरवर भरलेल्या दाव्याची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती आली. तिच्यात दडून राहिलेल्या जुन्या मजकुरावरून, आधीच्या मसुद्यात प्रतिवादी म्हणून बँक ऑफ अमेरिकेचे नाव होते, हे उघड झाले. ‘रिझॉल्व्ह’ केलेली कॉमेंटही अशीच फाइलमध्ये शिल्लक असते. ती फिकी होते किंवा नजरेआड जाते, नष्ट होत नाही. त्यासाठी वर्डमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ आहे. ‘फाइल’मधील ‘इन्फो’ या भागातून तो चालविल्यास टिपणे, बदलांच्या नोंदी आणि लपविलेला मजकूर तो शोधून देतो. मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावरच हे करावे, कारण काढलेली टिपणे परत मिळतीलच असे नाही.

हायलाइट मात्र त्याच्या तावडीत सापडत नाही, कारण वर्डच्या लेखी ती अक्षरांची साधी सजावट असते. ‘ॲडव्हान्स्ड फाइंड’मध्ये ‘फॉरमॅट’खाली ‘हायलाइट’ निवडून रंगविलेल्या जागा एकेक करून शोधाव्या लागतात. सबंध मजकूर निवडून ‘नो कलर’ दिल्यास रंग एकदम जातो. पण त्याबरोबर न सुटलेल्या शंकाही पुसल्या जातात, म्हणून आधी त्या पाहून घ्याव्यात.