नळवाल्याची वर्षं कुणी मोजायची?

आमच्या एरंडोलच्या गल्लीत एक नळवाले काका आहेत. त्यांचा पुतण्या नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. मागच्या आठवड्यात तो जळगावला एका हॉस्पिटलच्या साइटवर काम मागायला गेला. सर्टिफिकेट विचारलं. नाही म्हटल्यावर "हेल्पर म्हणून ये" म्हणाले, रोज निम्मा. काका ऐकून एवढंच बोलले, "कागदवर पानी चढस का भो?"

हसलो मी. पण नंतर डोक्यातून जाईना.

खान्देशात पाणी वळवण्याची विद्या जुनी आहे. बऱ्हाणपूर ही फारुकी खान्देशाची राजधानी. तिथला कुंडी भंडारा 1615 चा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, कुंड्यांच्या रांगेतून, नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. उतार किती ठेवायचा, हा प्लंबरचा आजही पहिला धडा आहे.

काकांनी सुरुवात केली ती जीआय पाइपावर. पाइप शिकंज्यात धरायचा, तेल सोडत डायने चुडी पाडायची, ताग चुडीच्याच दिशेने गुंडाळायचा, वर सफेदा. उलटा गुंडाळला की आवळताना ताग बाहेर येतो आणि सांधा गळतो. पोऱ्याने आधी कित्येक महिने फक्त पाना द्यायचा, मग पाइप धरायचा, चुडी सगळ्यात शेवटी.

मग पीव्हीसी आला. जैन उद्योगाने जळगावला 1980 मध्ये पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली. आता कुणीही नळ जोडेल, असं लोकांना वाटलं. उलट झालं. जीआयचा चुकलेला सांधा उघडता यायचा, पीव्हीसीचा कापावाच लागतो. गरम पाण्याला सीपीव्हीसीच लागतो, साधा पीव्हीसी मऊ पडतो. टाकी 10 मीटर उंच असेल तर खालच्या सांध्यावर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब येतो. म्हणून भिंत बुजवण्याआधी लाइन भरून, पंपाने दाब चढवून, काटा उतरतो का ते बघत बसायचं. पुतण्याला हे सगळं येतं.

कायदा काय म्हणतो? अप्रेंटिस कायदा 1961 चा. 2019 च्या नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असली तर शिकाऊ ठेवणं बंधनकारक, 4 ते 29 असली तर ऐच्छिक. काकांकडे माणसं किती? ते, पुतण्या, आणि खोदकाम निघालं तर एखादा मजूर. म्हणजे हा पोरगा नऊ वर्षं शिकला, पण कायद्याच्या हिशोबात शिकाऊ कधी नव्हताच.

आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय सरकारकडे आहे, आरपीएल म्हणतात तिला. आमच्या गल्लीत ते नाव कुणी ऐकलेलं नाही. घरोघरी नळ द्यायची योजना 2019 पासून चालू आहे, ते नळ पुढे दुरुस्त करणारे हेच हात आहेत. मग ही परीक्षा वर्षातून दोनदा तालुक्यालाच का होऊ नये? लोकप्रतिनिधींना टॅग करतोय, उत्तर द्या.

पुतण्या सोमवारी हेल्पर म्हणून कामावर गेला. दुसऱ्याच दिवशी लाइन टेस्ट करायचा पंप त्याच्या हातात दिला. रोज निम्माच.