घाट

वाईचा माणूस ‘जरा घाटावर जाऊन येतो’ म्हणाला, की तो कृष्णेवर निघाला. ‘घाट चढून आलो’ म्हणाला, की पसरणीचा घाट चढून पाचगणीस गेला होता असे समजावे. आणि तोच माणूस कोकणात उतरला, म्हणजे तिथली मंडळी सांगतात, ‘पाहुणे घाटावरचे आहेत हो!’ नदीच्या पायऱ्या, डोंगरातली वाट आणि डोंगरावरचा सारा मुलूख, शब्द मात्र एकच.

संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. वाईत हा अर्थ दगडात बांधलेला दिसतो. रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ उभे केले ते घाटावरच, आणि कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीच्या घाटावर पाळीपाळीने होतो.

उतरणे हेच डोंगरातल्या घाटाचेही काम. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सुमारे २००० वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे लेख आहेत, इतकी ही वाट जुनी. आपल्या बाजूला पाहा. १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईस होता. तिथून प्रतापगडाखाली जाताना त्याच्या फौजेला रडतोंडीचा घाट उतरावा लागला. हे नाव काही दप्तरातल्या कारकुनाने ठेवलेले वाटत नाही. डोईवर ओझे घेऊन चढणाऱ्यानेच ते ठेवले असावे.

इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि वाटेचे नाव अख्ख्या डोंगराला देऊन टाकले. शाळेच्या नकाशावर ‘पश्चिम घाट’ आला तो असा. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे, की डोंगर तो सह्याद्री, आणि तो ओलांडायची वाट म्हणजे घाट.

दागिन्याचा घाट, मडक्याचा घाट, हा ‘घडणे’च्या कुळातला निराळा शब्द दिसतो. ऐपत नसताना लग्नाचा मोठा घाट घालणारे यजमानही आपल्या ओळखीचे आहेतच. तो घाट पुढे कितीतरी वर्षे उतरत नाही!

मुंबईत गिरण्या निघाल्या, तेव्हा साताऱ्याकडची हजारो माणसे पोटासाठी घाट उतरून गेली. घाटावरून आला तो ‘घाटी’. शब्दात फक्त वाट सांगितली होती. पण अंगावर मळके कपडे, बोलणे गावचे, राहणे एका खोलीत दहा-बाराजणांचे. मग शहरी तोंडात त्या शब्दाची शिवी व्हायला वेळ लागला नाही. आपल्याकडून शिकायला गेलेल्या एखाद्या पोराला तिथे कुणी हा शब्द मारला आणि ते हिरमुसून परतले, तर शिक्षकांनी त्याला आधी रडतोंडीचा घाट दाखवून आणावा.