नांदेड-लातूरकडील मारवाडी पेढ्यांची वही

स्थलांतरित व्यापारी घराण्याचा वारसा कोठे शोधावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. स्कॉटलंडातील ॲबरडीनशायरहून आलेल्या जॉन फोर्ब्सने १७६७ मध्ये मुंबईस पेढी घातली आणि कापसाच्या निर्यातीत जम बसविला. पुढे त्याचा पुतण्या चार्ल्स याने ती वाढविली. तोही अखेर ब्रिटनला परतला. पेढी मात्र हात बदलत टाटा व नंतर शापूरजी पालनजी यांच्याकडे गेली, तरी तिचे नाव फोर्ब्सच राहिले. तेथे कुटुंब गेले आणि नाव उरले.

नांदेड व लातूर येथील मारवाडी पेढ्यांच्या बाबतीत घडले ते याच्या उलट. कुटुंबे येथेच रुजली. हरपत गेली ती त्यांची व्यवहारलिपी. या मुलुखात मारवाडी सावकार रेल्वेपूर्वीही होते. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने नांदेड आणि १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेने लातूर जोडले गेल्यावर कापसाच्या आणि धान्याच्या आडतीला निराळेच बळ आले. नांदेडचा मोंढा व लातूरची गंजगोलाई ही त्या व्यापाराची ठिकाणे होत.

अशा पेढीवर बसणाऱ्यास किती भाषा सांभाळाव्या लागत, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. शेतकरी मराठी बोले, त्याचे कागद मोडीत असत, निजामाच्या कचेरीत १८८४ पासून उर्दू चाले, देगलूर-बिलोलीकडील गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलावे लागे, घरात मारवाडी. शेतकरी शके धरी, सरकार फसली सन, पेढी विक्रम संवत. नाणीही दोन, निजामाचे हाली व इंग्रजांचे कलदार. साधारणतः सात हाली रुपयांस सहा कलदार पडत. हाली नाणे १९५९ मध्ये चलनातून गेले.

यावरून पेढीची सारी परिभाषा मारवाड्यांनीच आणली असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल. ‘गुमास्ता’ व ‘गंज’ फार्सी आहेत, ‘मुनीम’ हे अरबी ‘मुनीब’चे रूप, ‘खत’ अरबी, पण त्यावरून झालेली ‘खतावणी’ देशी वळणाची. हे शब्द मराठी दप्तरासही परके नव्हते. नवागतास ओळखीचे शब्द आयतेच मिळाले, ही गोष्ट भाषिक समरसतेच्या विवेचनात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ध्वनींचेही तसेच. राजस्थानी बोलीत ‘ळ’ असल्यामुळे, ज्या वर्णावर उत्तरेकडील हिंदी भाषक अडखळतो, तो मारवाड्यास अवघड गेला नाही.

वही मात्र महाजनी लिपीत राहिली. तीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले व घरात रडारड झाली, ही कथा व्यापारी घराण्यांत सर्वत्र सांगतात. कथा विनोदी खरी, पण तिच्यात लिपीचे मर्म आहे: ही लिपी ज्यास प्रसंग ठाऊक आहे त्यानेच वाचावी. परक्या डोळ्यांपासून व्यवहार झाकण्यास तो गुण होता, आणि पेढीतल्या पेढीत काहीच अडत नव्हते, कारण वाचणारा मुनीम व लिहिणारा मुनीम बहुधा एकच असे.

अडले ते पुढे. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुले मराठी शाळांत शिकली, करखात्यासाठी हिशेब देवनागरीत व इंग्रजीत जाऊ लागले. दिवाळीस नव्या वहीची पूजा होत राहिली, जुन्या वह्या लाल बासनात माळ्यावर चढल्या, पुष्कळशा रद्दीतही गेल्या. त्यांतील आकडे देवनागरीशी जुळते असल्यामुळे नातवाला अजूनही वाचता येतात. रक्कम कळते; ती हाली की कलदार हे नेहमी कळत नाही, आणि ज्याच्या नावे ती मांडली आहे त्याचे नाव तर सहसा लागतच नाही.