बी आणि जमीन

श्रोतेहो, बी कितीही जोमदार असले तरी जमीन मानवली पाहिजे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वैद्यकाला ते १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने सांगितले. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. २४१ जणींच्या यकृतात रोग पसरला होता, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणींच्या.

अंडाशयाच्या कर्करोगाची पेशी पोटातल्या द्रवातून वाहत जाते आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पदरात रुजते. का? २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी दाखवले, की तिथल्या चरबीपेशी रेणूंचे निरोप धाडून तिला बोलावतात, वर आपली चरबीही खाऊ घालतात.

हे सारे निमूट घडते. म्हणून आयाबहिणींनो, पोट सतत फुगत असेल तर ‘गॅस’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.